परिचारिका जीन पर्डी

परिचारिकांची चरित्रे म्हटली की आपल्याला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव प्रथम आठवते. हाती दिवा घेऊन रुग्णांमधून फिरणारी ती मूर्ती शाळेच्या पुस्तकांपासून आपल्या परिचयाची आहे. परंतु त्याच इंग्लंड देशात, त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षांनी, आणखी एक परिचारिका होऊन गेली. तिने युद्धभूमी पाहिली नाही. तिने पाहिली ती मूल होत नाही म्हणून मनात झुरणाऱ्या स्त्रियांची रांग. या स्त्रीचे नाव जीन मेरियन पर्डी. जगातील पहिल्या टेस्ट ट्यूब बालिकेच्या जन्मामागे ज्या तिघांचे श्रम होते, त्यांपैकी त्या एक होत्या. बाकीचे दोघे पुरुष सर्वतोमुखी झाले. जीनबाईंचे नाव मात्र कितीतरी वर्षे मागेच राहिले. मंडळाच्या वर्धापनदिनाच्या या अंकात त्यांची ओळख आपल्या भगिनींना करून द्यावी, असे मनात आले.

मूल नसलेल्या स्त्रीचे दुःख काय असते हे आपल्याला निराळे सांगावयास नको. डोहाळजेवणाच्या वेळी मागच्या खोलीत काम काढून बसणारी, बारशाच्या पाळण्यापासून चार पावले दूर उभी राहणारी एखादी भावजय, एखादी शेजारीण आपण सर्वांनी पाहिली आहे. दोष तिचा आहे की तिच्या पतीचा, की कोणाचाच नाही, याची चौकशी न करता बोल तेवढा तिलाच लागतो. व्रते होतात, नवस होतात, अंगारे-धुपारे होतात. हे दुःख केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. विलायतेतही ते होते आणि आहे. तेथील बायकाही आपले दुःख कोणाला न सांगता उरात बाळगीत असत.

जीन यांचा जन्म 25 एप्रिल 1945 रोजी केंब्रिज येथे झाला. दुसरे महायुद्ध त्या वेळी संपत आले होते. युद्धानंतर तीनच वर्षांनी, 5 जुलै 1948 रोजी, इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. सर्व नागरिकांनी मिळून मुख्यतः करांच्या रूपाने पैसा भरावयाचा आणि आजारी पडणाऱ्याने दवाखान्याच्या दारात पैसे न देता उपचार घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था. आपण भिशी लावतो, त्यात प्रत्येकीचा पैसा पडतो आणि जिला गरज तिच्या उपयोगी येतो. तोच विचार साऱ्या देशाच्या पातळीवर, आरोग्यासाठी केलेला. जीन ही या व्यवस्थेच्या छत्राखाली वाढलेल्या पहिल्या पिढीतील मुलगी. पुढे तिचे सारे आयुष्य एका प्रश्नाभोवती फिरावयाचे होते: मूल न होणे हा आजार मानावयाचा की नाही, आणि त्याच्या उपचाराचा खर्च समाजाने उचलावयाचा की नाही?

शाळेत जीन अभ्यासाबरोबर खेळांत पुढे असे आणि व्हायोलिनही वाजवीत असे. शाळा संपल्यावर तिने परिचारिकेचा पेशा निवडला. 1963 ते 1966 या काळात केंब्रिजच्या ॲडनब्रूक रुग्णालयात तिने शिक्षण घेतले. त्यानंतर काही काळ साउथॅम्प्टन येथे नोकरी केली. पण घरची ओढ स्वस्थ बसू देईना, म्हणून ती परत केंब्रिजच्या बाजूला आली आणि पॅपवर्थ रुग्णालयात काम करू लागली. हे रुग्णालय हृदयाच्या शस्त्रक्रियांसाठी नावाजलेले होते.

1968 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, जीनबाईंनी केंब्रिज विद्यापीठातील शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यिकेच्या जागेसाठी अर्ज केला. तेथे रॉबर्ट एडवर्ड्स हे शास्त्रज्ञ स्त्रीबीजाचा अभ्यास करीत होते. जीनबाईंपाशी विज्ञानाची पदवी नव्हती. परंतु त्यांच्या अंगी टापटीप होती, चिकाटी होती, आणि रुग्णाशी कसे वागावे याचे शिक्षण होते. एडवर्ड्स यांनी त्यांना निवडले. पुढील सतरा वर्षे, म्हणजे मृत्यूपर्यंत, त्यांनी हे काम सोडले नाही.

हे काम काय होते, ते साध्या शब्दांत सांगते. स्त्रीच्या शरीरात दरमहा साधारण एक बीज पक्व होते. ते गर्भनलिकेतून गर्भाशयाकडे येते आणि वाटेत पुरुषबीजाशी त्याचा संयोग झाला तर गर्भ धरतो. पुष्कळ स्त्रियांच्या या नलिका जंतुसंसर्गामुळे किंवा अन्य कारणाने बंद झालेल्या असतात. बीज आहे, गर्भाशय आहे, पण मधली वाटच बंद! अशा स्त्रीला त्या काळी फारसा उपाय नव्हता. एडवर्ड्स यांचा विचार असा की, बीज शरीराबाहेर काढावे, काचेच्या बशीत त्याचा पुरुषबीजाशी संयोग घडवावा, आणि गर्भ वाढू लागला की तो गर्भाशयात सोडावा. टेस्ट ट्यूब हे नाव वर्तमानपत्रांमुळे रूढ झाले. खरे काम लहानशा बशीत चालते.

बीज पोट न फाडता बाहेर काढावयाचे कसे, ही मोठी अडचण होती. ती सोडविणारे गृहस्थ ओल्डहॅम या गिरण्यांच्या गावी भेटले. पॅट्रिक स्टेप्टो हे तेथील सरकारी रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ होते. आज आपण ज्याला दुर्बिणीतून केलेले ऑपरेशन म्हणतो, त्यात त्यांचा हातखंडा होता. त्या वेळी पुष्कळ नामांकित डॉक्टर या पद्धतीला नाके मुरडीत असत.

केंब्रिज ते ओल्डहॅम हा मोटारीने चार-पाच तासांचा रस्ता. जीनबाई आणि एडवर्ड्स हा प्रवास वारंवार करीत. ओल्डहॅमजवळ रॉयटन येथे केर्शॉ रुग्णालय नावाचे एक लहानसे सार्वजनिक रुग्णालय होते. तेथील छोट्या जागेत त्यांची प्रयोगशाळा उभी राहिली. ती मांडणे, भांडी निर्जंतुक करणे, बीज ज्या द्रवात ठेवावयाचे तो द्रव तयार करणे, उबेच्या पेटीचे तापमान सांभाळणे, सूक्ष्मदर्शकातून गर्भाची वाढ पाहणे आणि प्रत्येक गोष्टीची वहीत नोंद करणे, ही कामे जीनबाईंनी अंगावर घेतली. पुढच्या काळात संशोधकांनी या वह्या तपासून त्या वर्षांचा इतिहास लिहिला. 1970 साली शरीराबाहेर मानवी गर्भ वाढू लागल्याचे वृत्त नेचर या प्रसिद्ध शास्त्रीय पत्रात आले, त्या लेखावर एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांच्या बरोबरीने जीन पर्डी यांचे नाव आहे. एका परिचारिकेच्या दृष्टीने हा मान लहान नव्हे.

ओल्डहॅमच्या शस्त्रक्रियागृहाच्या प्रमुख परिचारिका म्युरियल हॅरिस यांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. त्यांनी आपल्या सहकारी परिचारिकांना या कामासाठी उभे केले आणि त्या आपला मोकळा वेळ देऊन मदत करू लागल्या.

आता पैशाचा प्रश्न आला. 1971 साली एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांनी सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडे दीर्घ मुदतीचे साहाय्य मागितले. परिषदेने ते नाकारले. बालकात व्यंग निर्माण होईल काय, ही शंका होती. आधी माकडांवर पुरेसे प्रयोग व्हावेत, असेही मत होते. या शंका अगदीच गैर होत्या असे म्हणता येणार नाही. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक विचार होता. लोकसंख्या वाढत असताना मूल होण्याच्या उपचारांवर सार्वजनिक पैसा का खर्चावा, असे अनेकांना वाटत होते. संततिनियमन हे राष्ट्राचे काम, आणि संतती न होणे हे मात्र त्या दोघांचे खाजगी दुर्दैव, अशी विभागणी जाणत्यांच्या मनात होती. आपल्या देशातही हीच विभागणी दीर्घकाळ राहिली. कुटुंब लहान ठेवण्यासाठी सरकारी दवाखान्याचे दार उघडे. पण कुटुंब सुरूच होत नाही अशा बाईने तेथे गेल्यास तिच्यासाठी द्यावयास फारसे काही नसे.

साहाय्य नाकारले गेले तरी काम थांबले नाही. अमेरिकेतील एका दानशूर बाईंनी दिलेल्या देणगीचा मोठा आधार झाला. तरी चणचण कायमचीच होती. वर्तमानपत्रांतून टीका होई, धर्माच्या आणि नीतीच्या नावाने दोष दिला जाई.

यशही लवकर आले नाही. 1969 ते 1978 या काळात 282 स्त्रियांनी या प्रयोगांत भाग घेतला. त्यांच्यावर 457 वेळा बीज काढण्याची शस्त्रक्रिया झाली. 112 वेळा गर्भ गर्भाशयात सोडण्यात आला. या साऱ्या खटाटोपातून जन्मास आलेली बालके किती, तर दोन. राहिलेल्या स्त्रिया रिकाम्या हातांनी परत गेल्या. त्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. कारण त्यांनी आपला देह पुढे केला नसता तर पुढच्या भगिनींना काहीच मिळाले नसते. भूल, शस्त्रक्रिया, आठवडे मोजत केलेली प्रतीक्षा आणि शेवटी निराशा, हे सारे सोसणाऱ्या या बायकांना धीर देण्याचे काम जीनबाई करीत. हे काम शास्त्रीय लेखांत लिहिले जात नाही.

मध्यंतरी आईच्या आजारपणामुळे जीनबाईंना कामापासून दूर राहावे लागले, तेव्हा ओल्डहॅमचे काम खोळंबून राहिले. त्यांच्यावाचून ते चालत नव्हते, एवढे यावरून समजते.

1977 साली ब्रिस्टलहून लेस्ली ब्राउन या बाई आल्या. लग्नाला पुष्कळ वर्षे झालेली, नऊ वर्षे मुलाची वाट पाहिलेली, गर्भनलिका बंद. तोपर्यंत औषधे देऊन अनेक बीजे तयार करण्याची पद्धत अवलंबिली जात असे. पण त्या औषधांनीच गर्भ टिकण्यात अडथळा येत असावा, असे वाटू लागले होते. म्हणून आता निसर्गाने दिलेल्या एकाच बीजावर भिस्त ठेवावयाचे ठरले. यात अडचण अशी की, ते एक बीज पक्व होण्याची नेमकी वेळ साधावी लागे. त्यासाठी रुग्ण बाईच्या लघवीची तपासणी दर तीन तासांनी, दिवसा आणि रात्री, करावी लागे. वेळ चुकली की महिना गेला.

10 नोव्हेंबर 1977 रोजी लेस्लीबाईंचे बीज काढण्यात आले. बशीतील त्या बीजाचा संयोग होऊन गर्भाची वाढ सुरू झाली, ती सूक्ष्मदर्शकातून प्रथम जीनबाईंनी पाहिली. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चारांच्या आठ पेशी झाल्या, आणि दोन दिवसांनी रात्री तो गर्भ मातेच्या गर्भाशयात सोडण्यात आला. 25 जुलै 1978 रोजी, मध्यरात्रीच्या थोडे आधी, ओल्डहॅमच्या सार्वजनिक रुग्णालयात लुईस ब्राउन या कन्येचा जन्म झाला. वजन 5 पौंड 12 औंस. मूल सुदृढ होते. साऱ्या जगातील वर्तमानपत्रांनी ही बातमी पहिल्या पानावर छापली.

त्यानंतर अवघ्या 70 दिवसांनी, 3 ऑक्टोबर 1978 रोजी, कलकत्त्यास डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी दुर्गा या नावाने ओळखली गेलेली मुलगी जन्मली. परंतु आपल्याच लोकांनी त्या डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. चौकशी, उपेक्षा आणि बदली यांनी खचून 1981 साली त्यांनी आपले जीवन संपविले. त्यांचे कार्य खरे होते हे पुढे मान्य झाले. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला. हे रुग्णालय महानगरपालिकेचे, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शास्त्रज्ञ डॉ. आनंद कुमार यांनी हे काम केले. 1997 साली याच आनंद कुमारांनी कलकत्त्याच्या डॉक्टरांची कागदपत्रे अभ्यासून, पहिलेपणाचा मान त्यांचा आहे, असे मोठ्या मनाने जाहीर केले.

आता पुन्हा इंग्लंडकडे वळू. एवढे यश मिळाल्यावर तरी राष्ट्रीय आरोग्य सेवेने दार उघडले असेल, असे आपल्याला वाटेल. तसे झाले नाही. स्टेप्टो 1978 साली 65 वर्षांचे होऊन नियमाप्रमाणे निवृत्त झाले. त्यांच्यासाठी सरकारी सेवेत वेगळा विभाग उघडावयास कोणी तयार होईना. अखेर केंब्रिजजवळ बोर्न हॉल नावाचा एक जुना वाडा पाहण्यात आला. ही जागा शोधण्यात जीनबाईंचाच पुढाकार होता. 1980 साली तेथे खाजगी पैशावर रुग्णालय सुरू झाले आणि जीनबाई तेथील तांत्रिक संचालिका झाल्या. जगाच्या कानाकोपऱ्यांतून जोडपी येऊ लागली. परंतु हे रुग्णालय फी घेणारे होते. गिरण्यांच्या गावातील सार्वजनिक रुग्णालयात, साध्या घरांतील बायकांच्या सहनशीलतेवर उभी राहिलेली विद्या, प्रथम मिळू लागली ती पैसे मोजू शकणाऱ्यांना! 1982 साली मँचेस्टर येथील सेंट मेरी रुग्णालयात राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या खर्चाने चालणारा विभाग निघाला, तेव्हा कोठे सामान्यांसाठी वाट झाली.

जीनबाईंना मात्र पुढचे दिवस फार लाभले नाहीत. त्वचेच्या कर्करोगाने त्यांना गाठले. शेवटच्या काळातही कामाजवळ राहता यावे म्हणून बोर्न हॉलमध्येच त्यांच्यासाठी एक खोली सिद्ध करण्यात आली. 16 मार्च 1985 रोजी, चाळिशी पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांचे निधन झाले. त्यांनी लग्न केले नाही, त्यांना स्वतःचे मूल नव्हते. केंब्रिजजवळ ग्रँटचेस्टर या गावी त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या नावाची हकीकतही सांगितली पाहिजे. ओल्डहॅम येथे या कार्याच्या स्मरणार्थ फलक लावावयाचे घाटत होते. एडवर्ड्स यांनी 1981 साली तेथील आरोग्य अधिकाऱ्यांना पत्रे लिहून आग्रह धरला की, जीन पर्डी यांचे नाव त्यावर असलेच पाहिजे. त्यांनी दहा वर्षे ओल्डहॅमच्या खेपा केल्या आहेत आणि त्यांचा वाटा माझ्याइतकाच आहे. तरीही फलकावर नावे आली ती दोघांची. जीनबाई साहाय्य करणाऱ्यांच्या मोघम उल्लेखात विरून गेल्या. 1988 साली स्टेप्टो वारले. 2010 साली एडवर्ड्स यांना नोबेल पारितोषिक मिळाले; ते हयात व्यक्तीलाच दिले जाते, त्यामुळे बाकीच्या दोघांचा प्रश्नच आला नाही. एडवर्ड्सही 2013 साली गेले. ती जुनी पत्रे 2019 साली लोकांसमोर आली. 2022 साली ओल्डहॅमच्या रुग्णालयात जीन पर्डी आणि म्युरियल हॅरिस या दोन परिचारिकांच्या नावाचा फलक लागला. मृत्यूनंतर तब्बल 37 वर्षांनी!

ज्या प्रश्नाभोवती त्यांचे आयुष्य फिरले, तो तरी सुटला काय? जगात या मार्गाने जन्मलेल्या मुलांची संख्या 2018 पर्यंत 80 लाखांहून अधिक झाल्याचा अंदाज होता. इंग्लंडमध्ये 2004 साली, आणि पुन्हा 2013 साली, तज्ज्ञांच्या संस्थेने असा सल्ला दिला की चाळिशीच्या आतील पात्र स्त्रीला अशा उपचाराच्या तीन फेऱ्या सार्वजनिक खर्चाने मिळाव्यात. सल्ला असला तरी सक्ती नाही. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये तीन फेऱ्या मिळतात, तर इंग्लंडच्या पुष्कळ भागांत एकीवरच बोळवण होते. बाई कोणत्या गावी राहते यावर तिचे नशीब ठरते.

आपल्याकडे खाजगी रुग्णालये पुष्कळ झाली आहेत. पण एकेका फेरीला मध्यम स्थितीच्या घराची वर्षाची शिल्लक संपते, आणि एका फेरीत यश येईलच याची हमी कोणी देऊ शकत नाही. आरोग्य विम्याच्या बहुतेक पॉलिसींत वंध्यत्वावरील उपचार वगळलेले असतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत ठरावीक मर्यादेपर्यंत खर्चाची भरपाई मिळते. 2021 च्या कायद्याने, बीजदान करणाऱ्या स्त्रीसाठी उपचार घेणाऱ्या जोडप्याने विमा उतरविणे आवश्यक केले. गोव्यात 2023 साली बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयाने हा उपचार विनामूल्य देण्यास सुरुवात केली, ही आनंदाची गोष्ट आहे. विमा घेताना किंवा सरकारी योजनेत नाव घालताना, काय मिळते आणि काय वगळले आहे, हे प्रत्येक घरातील सुनेने आणि सासूनेही बारकाईने वाचून घ्यावे. मागितल्यावाचून मिळत नाही, आणि माहीत असल्यावाचून मागता येत नाही.

मूल हे एकच बाईच्या आयुष्याचे सार्थक, असे मात्र कोणी समजू नये. जीनबाईंचे स्वतःचे आयुष्यच त्याला उत्तर आहे. परंतु जिला मूल हवे आहे तिची हौस म्हणून हेटाळणी करू नये, आणि जिला ते नाही तिला ओटीच्या ताटापासून दूर ठेवू नये. पुढच्या हळदीकुंकवाला अशा आपल्या भगिनीला आधी बोलवावे आणि पहिली ओटी तिची भरावी. जीन पर्डी यांचे स्मरण करण्याचा आपल्या हातचा मार्ग हाच आहे.